उरलेल्या प्रती

दिल्लीत पुस्तके किलोवर मिळतात असे मी पुण्यात सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास दोनपैकी एक भाव उमटतो. एक पत्ता विचारण्याचा, दुसरा सरस्वतीला तागडीत घातल्याच्या दुःखाचा. ज्यांना असे दुःख होते त्यांच्या घरचे दिवाळी अंक आणि मुलांची जुनी पाठ्यपुस्तके दर दोन महिन्यांनी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढत असतात, हे मी बोलून दाखवत नाही. पण पुस्तकाची किंमत उतरली की पुस्तकही उतरते, ही समजूत जुनी आहे आणि ती फक्त आपलीच नाही. तिच्याविरुद्ध उघडपणे दुकान थाटणारा माणूस अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये होऊन गेला. पेशाने तो मोची होता.

जेम्स लॅकिंग्टन १७४६ साली सॉमरसेट परगण्यात जन्मला. बाप दारुडा, शिक्षण जवळजवळ नाहीच. जोडे शिवण्याचे काम शिकत असताना त्याला मेथडिस्ट पंथाची आणि वाचनाची ओढ एकदमच लागली. त्याच्या आठवणींत एक प्रसंग आहे. नाताळच्या आदल्या दिवशी खिशात अर्धा क्राउन होता आणि तो घेऊन तो जेवणाचे सामान आणायला बाहेर पडला. परतला तो एडवर्ड यंगचा काव्यग्रंथ घेऊन. जेवण उद्या संपेल, कविता पुरेल, असा त्याचा बायकोपुढचा युक्तिवाद होता. बायको काय म्हणाली ते त्याच्या शब्दांतच कळते, त्यामुळे त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे.

१७७४ साली त्याने लंडनमध्ये जुन्या पुस्तकांचे छोटे दुकान काढले. त्याच वर्षी फेब्रुवारीत हाउस ऑफ लॉर्ड्सने डोनाल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्याचा निकाल दिला होता आणि पुस्तकावरचा हक्क कायमचा नसतो, तो मुदतीने संपतो, असे ठरवले होते. लंडनच्या बड्या विक्रेत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले वतन मानलेले जुने ग्रंथ त्यामुळे मोकळे झाले आणि स्वस्त पुनर्मुद्रणांना वाट मिळाली. लॅकिंग्टनला मात्र खरा शोध लागला तो विक्रेत्यांच्या खासगी लिलावांत. न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे तिथे विकले जात. घेणाऱ्याची रीत अशी, की त्यातल्या निम्म्या, कधी तीन चतुर्थांश प्रती नष्ट करायच्या आणि उरलेल्या मूळ किमतीला किंवा तिच्या जवळपास विकायच्या. पुस्तकाचा भाव पडू नये म्हणून पुस्तक जाळायचे! सुरुवातीला लॅकिंग्टनने स्वतःही हेच केले. मग त्याने सगळ्या प्रती ठेवून त्या निम्म्या, चौथाई किमतीला विकायला काढल्या. बरोबरीचे विक्रेते चिडले. त्याला लिलावाला येऊ द्यायचे नाही, अशा धमक्या झाल्या. त्याआधी, १७८० साली, त्याने उधारी बंद केली होती. तीही त्या काळात जवळजवळ असभ्य गोष्ट होती, कारण प्रतिष्ठित गिऱ्हाईक वर्षावर्षाने बिल चुकवत असे आणि त्या उशिराचे व्याज पुस्तकाच्या किमतीत आधीच मिसळलेले असे.

पुढे फिन्सबरी चौकात त्याने ‘कलादेवतांचे मंदिर’ या नावाचे अवाढव्य दुकान उघडले. वर घुमट होता आणि दारावर जगातला सर्वांत स्वस्त पुस्तकविक्रेता असल्याची पाटी. उद्घाटनाला चार घोड्यांची बग्गी आतल्या गोल काउंटरभोवती फिरवली असे सांगतात. घुमटाखाली एकावर एक गोल सज्जे होते; जितके वर चढावे तितकी पुस्तके स्वस्त आणि बांधणी फाटकी. म्हणजे गरीब वाचकाला जिने जास्त. तरी ते जिने चढणाऱ्यांत कोवळ्या वयाचा कीट्स होता. १७९८ मध्ये लॅकिंग्टन निवृत्त झाला, पण धंदा त्याच्या नात्यातल्या माणसाने चालू ठेवला आणि त्याच पेढीने १८१८ साली एका निनावी कादंबरीच्या पाचशे प्रती काढल्या. ती कादंबरी ‘फ्रँकेन्स्टाइन’. लॅकिंग्टनने आपले आत्मवृत्त १७९१ मध्ये छापले आणि ते तिघांना अर्पण केले: वाचकांना, सज्जन पुस्तकविक्रेत्यांना आणि क्षुद्र पुस्तकविक्रेत्यांना. त्यात तो म्हणतो की वीस वर्षांपूर्वीच्या चौपट पुस्तके आता खपतात आणि शेतकऱ्याच्या घरातही हिवाळ्याच्या रात्री कादंबऱ्या वाचल्या जातात. आकडा त्याचाच आहे आणि तो फुशारकी मारणारा माणूस होता, तरी दिशा बरोबर असावी.

मी हे इतके सविस्तर सांगते, कारण तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.ला आम्हाला ‘प्रभाव’ शिकवला, ‘स्वीकार’ शिकवला, ग्रंथांचे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत होणारे अभिसरण शिकवले. किंमत कुणी शिकवली नाही. जणू पुस्तके वाऱ्यावरच्या बियांसारखी उडत येतात आणि योग्य भूमीत रुजतात. वीस वर्षे भाषांतर करून माझे मत वेगळे झाले आहे. कोणते पुस्तक कोणत्या भाषेत जाते हे पुष्कळदा त्याच्या उरलेल्या प्रती कुठे जाऊन पडल्या यावरून ठरते.

रेनॉल्ड्सचे उदाहरण घ्या. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा इंग्लंडमध्ये एका पेनीला एक अंक अशी रहस्यकथा पाडणारा लेखक. १८४४ पासून त्याने लंडनच्या गुपितांची जी मालिका चालवली ती कामगारवस्तीत तुफान खपली आणि सुसंस्कृत घरांत तिचे नाव काढायची सोय नव्हती. हिंदुस्थानात मात्र तो डिकन्स-थॅकरेंच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्याहून अधिक, वाचला गेला. त्याची भारतीय भाषांत भाषांतरे आणि रूपांतरे झाली. हरिभाऊ आपट्यांची १८८५च्या सुमारास ‘पुणे वैभव’मधून येऊ लागलेली ‘मधली स्थिती’ रेनॉल्ड्सच्या धर्तीवर बेतलेली होती, हे मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी घोकतो. घोकताना जरा खजीलही होतो, की आपल्या सामाजिक कादंबरीचे मूळ असे दुय्यम का. पण रेनॉल्ड्स इथे पोचला तो स्वस्त होता म्हणून. ज्यांचे ग्रंथ तीन-तीन खंडांत, कातडी बांधणीत निघत ते साहेबाच्या क्लबात राहिले. हरिभाऊंनी त्या पेनीच्या मालातून काय केले ते आपण वाचलेच आहे. मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही.

१८८६ साली मॅकमिलनने खास वसाहतींसाठी स्वस्त ग्रंथमाला काढली. पुस्तक तेच, बांधणी हलकी, किंमत कमी आणि विक्री फक्त हिंदुस्थानात व वसाहतींत. आजही दिल्लीत घेतलेल्या इंग्रजी कादंबरीच्या पाठीवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशी ओळ असते. ती त्याच घराण्यातली. आपल्याला स्वस्त मिळते याचा आनंद मानावा, की आपल्याला काय मिळावे हे कुणीतरी दुसरीकडे बसून ठरवतो याचा विचार करावा? मी दोन्ही करते. त्यात पुस्तक घ्यायचे राहिले असे कधी झालेले नाही.

माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला स्वस्ताईचा आणखी एक झरा मिळाला. तो मॉस्कोहून येत असे. प्रगती प्रकाशन आणि पुढे रादुगा यांची मराठी पुस्तके, लोकवाङ्मय गृहाची प्रदर्शने, शाळेच्या सभागृहात मांडलेली लांबच लांब टेबले. जाड पांढरा कागद, रंगीत चित्रे आणि किंमत दोन-तीन रुपये, म्हणजे आमच्या गावात तेव्हा दोघांच्या चहा-भज्यांएवढी. गैदार आणि चेखव मी असे आठ-नऊ वर्षांची असताना वाचले. तेव्हा कळले नव्हते, पण ती भाषांतरे मूळ रशियनवरून झालेली होती. अनिल हवालदारांसारखे मराठी माणूस मॉस्कोत राहून ती करत होते. त्या किमतीमागे एका सरकारची तिजोरी आणि हेतू होता, हे उघड आहे. पण इंग्रजीच्या दारातून न जाता एक परकी भाषा मराठीच्या घरात सलग काही दशके आली, असे दुसऱ्या कोणत्या युरोपीय भाषेबाबत झाले? १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. शिल्लक माल काही वर्षे आणखी स्वस्त होऊन फिरला, मग संपला. त्यानंतर रशियन साहित्य मराठीत आले ते बहुतेक पुन्हा इंग्रजीवरूनच.

दरियागंजचा रविवार बाजार याच गोष्टीचा पुढचा अंक आहे. साठच्या दशकापासून हा बाजार भरतो. आसफ अली रोड आणि नेताजी सुभाष मार्गावरची दुकाने रविवारी बंद असत, त्यांच्या बंद शटरसमोरच्या पदपथावर चादरी पसरून पुस्तके मांडली जात. जवळच अन्सारी रोडवर हिंदीतले मोठमोठे प्रकाशक. म्हणजे आठवडाभर पुस्तके जिथून बाहेर पडत, तिथूनच शंभर पावलांवर रविवारी ती परत येत. जुलै २०१९ मध्ये वाहतुकीच्या कारणावरून दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने पदपथावरचा बाजार बंद झाला आणि सप्टेंबरमध्ये तो आसफ अली रोडवरच्या महिला हाटच्या आवारात गेला. आता फाटक आहे, ओळी आहेत. पूर्वी सिनेमाला निघालेला माणूस पाय अडखळून वाचक होई. आता पुस्तकच घ्यायचे ठरवून आलेला माणूस आत येतो. विक्रेते म्हणतात गर्दी आहे, पण ती निराळी आहे.

हिवाळ्यातल्या रविवारी दहाच्या आत गेले तर निवांत पाहता येते. पहिल्या ओळींत स्पर्धा परीक्षांची पुस्तके. एकेका मुलाने एक वर्ष अधोरेखित केलेली आणि पुढच्या मुलाला विकलेली. मग चोरून छापलेल्या कादंबऱ्या, ज्यांचे मुखपृष्ठ मूळच्या मुखपृष्ठाचा ताप आलेला भाऊ वाटावा असे. त्यानंतर आमच्यासारख्यांचा मुक्काम: परदेशातून कंटेनर भरून आलेला उरलेला माल. ‘सौ की दो’, ‘कोई भी उठाओ’, आणि एका कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक काटा. मागच्या खेपेला भाव अडीचशे रुपये किलो होता.

काट्याने साहित्यसमीक्षेची फार गंमत होते. चकचकीत कागदावरचे पाककृतींचे पुस्तक सर्वांत महाग पडते. जाड शब्दकोश परवडत नाही. कवितासंग्रह जवळजवळ फुकट. नव्वद-शंभर ग्रॅमचा पोलिश कवी पंचवीस रुपयांत पिशवीत पडतो आणि विक्रेता वर म्हणतो, मॅडम, ये तो हवा है.

पुस्तक उभे धरून खालची कड पाहिली तर बहुतेकांवर काळ्या मार्करची एक रेघ दिसते. अनेकांना ती डाग वाटते. ती खूण आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन प्रकाशकांनी दुकानदारांना न खपलेली पुस्तके पूर्ण किमतीला परत घेण्याची हमी दिली आणि ती पद्धत तिथे कायम झाली. तेव्हा एकदा पडत्या भावाने विकलेली प्रत कुणी फिरून परत करून पैसे मागू नये, म्हणून तिला रेघ मारतात. ज्यांना रेघेपर्यंतही पोचता येत नाही त्यांचा लगदा होतो. इंग्लंडमध्ये २००३ साली बर्मिंगहॅमजवळ नवा द्रुतगती मार्ग झाला, त्याच्या डांबरात मिल्स अँड बून प्रेमकथांच्या पंचवीस लाख प्रतींचा लगदा मिसळला होता. रस्त्याला त्याने चांगली पकड येते म्हणतात.

माझे चौथे भाषांतर या काट्यावरून आले. पूर्व युरोपातल्या एका लेखिकेची इंग्रजीत आलेली लहानशी कादंबरी, खाली काळी रेघ, एकशे साठ ग्रॅम, चाळीस रुपये. ना तिचे नाव कुठे ऐकले होते, ना परीक्षण वाचले होते. मराठीत ती व्हावी असे वाटले कारण तिच्यातली सासू मला ओळखीची वाटली. हक्कांसाठी पत्र लिहिले तेव्हा चाळीस रुपयांच्या त्या पुस्तकासाठी परदेशी एजन्सीने माझ्या मानधनाच्या तिप्पट रक्कम मागितली. दीड वर्ष पत्रव्यवहार झाला, रक्कम उतरली, करार झाला. एक हजार प्रती निघाल्या.

सहा वर्षांनी प्रकाशकाचे पत्र आले. परवानगीची मुदत संपत आहे, नूतनीकरणाचा खर्च परवडणारा नाही, गोदामात तीनशे चाळीस प्रती आहेत, सहा महिन्यांत त्या विकून संपवायच्या किंवा नष्ट करायच्या असे मूळ करारातले कलम आहे. मला हव्या असल्यास छापील किमतीच्या चौथाईत घ्याव्यात. पत्र सभ्य होते आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. म्हणूनच मला त्याचा राग कुणावर काढावा ते कळेना. लॅकिंग्टनच्या काळात प्रती जाळत त्या भाव राखण्यासाठी. इथे भाव राखण्याचा प्रश्नच नव्हता. भाषांतराला आयुष्यच मुदतीचे दिलेले होते. मूळ कादंबरी तिच्या भाषेत जिवंत राहील, इंग्रजी भाषांतर काळी रेघ मिरवत जगभर फिरेल आणि मराठी भाषांतर मात्र तारखेला संपेल.

मराठीत न खपलेल्या पुस्तकांचा संघटित बाजार जवळजवळ नाही. आपल्याकडे सूट भरपूर आहे. प्रकाशनपूर्व सवलत, साहित्य संमेलनातली सवलत, ग्रंथालयांची सवलत. ती इतकी नित्याची की कित्येकदा छापील किमतीतच ती धरलेली असते, म्हणजे सूट न मागणारा वाचक तेवढा दंड भरतो. फ्रान्सने १९८१ मध्ये कायदा करून नव्या पुस्तकावरची सूट पाच टक्क्यांवर रोखली, ब्रिटनने १९०० पासून पाळलेला असाच करार नव्वदच्या दशकात मोडून टाकला. आपण या वादात कधी पडलोच नाही. पण सूट वेगळी आणि उरलेल्या प्रतींचा दुसरा जन्म वेगळा. आपल्याकडे पुस्तक दुकानातून गोदामात आणि गोदामातून रद्दीत जाते. मधली पायरी, जिथे ज्याला ते माहीतच नाही अशा माणसाच्या हाती ते चुकून लागावे, ती गाळली जाते. आणि मराठी पुस्तक परमुलखात ढिगाने जाऊन पडत नाही, म्हणून क्राकोवमधला एखादा भाषांतरकार वजनावर मराठी कादंबरी घेऊन घरी जाईल ही शक्यताही नाही.

एकदा मात्र असा ढीग गेला होता. पी.एल. ४८० म्हटले की आपल्या आईवडिलांना अमेरिकेचा गहू आणि मिलो आठवतो. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत दिले आणि ते रुपये अमेरिकेला इथेच खर्च करणे भाग होते. त्यातून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीही त्यात गेले. कथा, कादंबऱ्या, नाटके, जे जे छापले जाई त्यातले पुष्कळ. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज मराठीचा जो साठा आहे त्याची पायाभरणी त्या काळातली. गव्हाच्या बदल्यात गेलेली ती पुस्तके कुणी मागवलेली नव्हती. ती फडताळात होती म्हणून कुणी काढून पाहिली, मराठी शिकले, त्यावर प्रबंध लिहिले, भाषांतरे केली. अमेरिकन ग्रंथालये जागेअभावी काढून टाकतात ती इंग्रजी पुस्तके रद्दबातलचा शिक्का घेऊन दरियागंजला येतात, मला डझनभर मिळाली आहेत. उद्या एखादी मराठी कादंबरी तसा शिक्का घेऊन परत आली तर मी ती अडीचशेच्या भावाने घेईन.

तीनशे चाळीसपैकी मी एकशे वीस प्रती घेतल्या. बाकीच्या तारखेला गेल्या. घरी खोक्यांवर खोकी रचली तेव्हा शेजारच्या भाभींनी विचारले, काय दुकान टाकताय का? मैत्रिणींना, वाचनालयांना, दिल्लीतल्या मराठी घरांना वाटता वाटता उरलेल्या बारा प्रती, मुदत संपायला दोन महिने असताना, मी महिला हाटमधल्या एका ओळखीच्या विक्रेत्याकडे दिल्या. पैसे नकोत म्हणाले. त्याने पान उलटून पाहिले, देवनागरी बघून वाचू लागला आणि दुसऱ्या ओळीला अडला. ये हिंदी तो नहीं है. मराठी, मी म्हणाले. त्याने डोके हलवले, एक प्रत हातावर तोलून पाहिली आणि काट्यावर न ठेवता पन्नास रुपयांच्या ढिगात ठेवली.

तीन रविवारांनी गेले तेव्हा दहा उरल्या होत्या. दोन कुणी घेतल्या, विचारले. तो चहा पीत होता. एक मुलगी होती म्हणाला, दुसरी प्रत कुणी नेली ते त्याने पाहिले नव्हते.